स्वस्त बंदुकीची कैफियत

हवेच्या दाबावर चालणारी, पाच-सात हजार रुपयांत मिळणारी आणि जालन्याच्या बाजारात ‘छऱ्याची बंदूक’ या नावाने ओळखली जाणारी जी रायफल आहे, तिच्याविषयी आमच्याकडील सुशिक्षित मंडळींची तीन मते आहेत. आणि ती परस्परांशी इतकी विसंगत आहेत की त्यांपैकी कोणतेही एक खरे मानले तर उरलेली दोन आपोआप खोटी ठरावीत. तरीही ही तिन्ही मते एकाच बैठकीत, एकाच चहाच्या वेळी, एकमेकांच्या वाटेला न जाता सुखाने नांदताना मी पाहिली आहेत. पहिले मत सैन्यातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांचे: ही वस्तू म्हणजे जत्रेत फुगे फोडण्याचे खेळणे, हिच्यावर नेम शिकणे अशक्य, शिकायचेच असेल तर लाखांची विलायती रायफल घ्यावी, नाही तर त्या वाटेला जाऊ नये. दुसरे मत एका पक्षिप्रेमी मुख्याध्यापकांचे: हे भयंकर शस्त्र असून ते विनापरवाना विकण्याची मुभा सरकारने तत्काळ काढून घ्यावी. तिसरे मत अंबडकडील एका मोसंबी-बागायतदारांचे: शस्त्र आहे म्हणूनच तर ते कामाचे, बागेतले पोपट, वानरे आणि शेतातले रोही यांच्या बंदोबस्ताला याहून स्वस्त इलाज नाही. सारांश, पहिल्यांच्या मते जी गोष्ट कशालाच लागत नाही, ती दुसऱ्यांच्या मते वाटेल त्याला लागते आणि तिसऱ्यांच्या मते नेमकी पोपटालाच लागते.

या तिन्ही मतांचा प्रतिवाद करण्याचे मी योजिले आहे. मी या रायफलीचा कारखानदार नाही, विक्रेता नाही, आणि नेमबाजीच्या क्षेत्रातील अधिकारी पुरुष तर मुळीच नाही. नव्या मोंढ्याकडील एका स्नेह्यांच्या रिकाम्या गोदामात, भिंतीशी मातीने भरलेल्या गोण्यांची उतरंड रचून आणि तिच्यावर कागदी लक्ष्य टाचून, दहा मीटरांच्या अंतरावरून ही रायफल मी चालविली, एवढाच माझा अधिकार. तो अल्प आहे आणि माझे मत प्रथम परिचयाचे आहे, हे आरंभीच नमूद करतो. तथापि वरील तिघांपैकी एकानेही ही वस्तू हाती घेऊन, कागद समोर ठेवून, लक्षपूर्वक चालविलेली नसल्यामुळे अल्प अधिकारही येथे पुरेसा ठरावा.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. हिच्यात दारू नाही, काडतूस नाही, ठिणगी नाही. नळी बिजागरीवर मोडून खाली ओढली की आतील पोलादी स्प्रिंग आवळली जाते आणि चापाच्या आकड्यात अडकून राहते; उघड्या पडलेल्या नळीच्या मागच्या तोंडात साडेचार मिलिमीटर व्यासाचा, कमरेत बारीक व मागे घेरदार असा शिशाचा छर्रा अंगठ्याने बसवावयाचा; नळी पुन्हा सरळ करून चाप ओढला की स्प्रिंग मोकळी होते, तिच्यापुढचा दट्ट्या हवा कोंडतो आणि ती कोंडलेली हवा छऱ्याला नळीबाहेर ढकलते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने निघाला, असे धरून गणित केले, तर त्याच्या अंगी सात ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. खेळणे म्हणणाऱ्यांना आणि शिकारीचे हत्यार म्हणणाऱ्यांना, दोघांनाही तो पुढे उत्तर देणार आहे.

आता निवृत्त सैनिक स्नेह्यांचा आक्षेप घेऊ, कारण तोच सर्वांत सविस्तर विचाराला पात्र आहे. त्यांचे म्हणणे असे की, नवी रायफल घेऊन पहिले छर्रे सोडले की तिची लायकी कळते: चाप जड आणि लांब, सुटताना रायफल हिसका देते, नळीतून धूर व जळक्या तेलाचा वास येतो, आणि कागदावरची भोके तळहाताएवढ्या जागेत वाटेल तशी विखुरतात. या वर्णनातील प्रत्येक शब्द खरा आहे. हाच अनुभव मलाही आला. परंतु वर्णन खरे असले म्हणून त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा ठरत नाही. पहिल्या दिवशी जे दिसते त्यातले रायफलीचे किती आणि चालविणाऱ्याचे किती, याची वाटणी न करता सगळा दोष पोलाद व लाकडाच्या माथी मारणे, हा न्याय नव्हे.

धुराचेच घ्या. कारखान्यातून निघताना दट्ट्याला व सिलिंडरला तेल लावलेले असते. दट्ट्या वेगाने पुढे येऊन हवा दाबतो तेव्हा ती हवा इतकी तापते की त्या तेलाचा अंश पेट घेतो. डिझेल इंजिनात जे घडते तेच येथे क्षणमात्र घडते. त्यामुळे आवाज मोठा होतो, धूर येतो आणि एका छऱ्याचा वेग दुसऱ्याशी जुळत नाही. वेग जुळत नसेल तर भोके जुळावीत कशी? ज्यादा तेल जळून गेले आणि दट्ट्याचे वेष्टन सिलिंडरच्या अंगाला बसले की हा सारा गोंगाट ओसरतो. म्हणजे ज्या अवस्थेत रायफल अद्याप रायफल झालेलीच नाही, त्या अवस्थेवरून तिला कायमची नालायक ठरविण्याची घाई आपण करतो.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा हिसक्याचा. काडतुसाच्या रायफलीत दारू पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत सेकंदाचा जेमतेम सहस्रांश-दोन सहस्रांश जातो आणि धक्का खांद्याला खरा जाणवतो तो गोळी निघून गेल्यानंतर. स्प्रिंगच्या हवाई रायफलीत चाप सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. आणि त्या अवधीत वजनदार दट्ट्या पुढे धावत असल्यामुळे रायफल प्रथम मागे सरते व दट्ट्या हवेच्या उशीवर आदळला की पुढे झेपावते. हे दुहेरी आंदोलन छर्रा नळीत असतानाच चालू असते. अशा वेळी ज्याने सैनिकी शिरस्त्याप्रमाणे दस्ता खांद्याशी घट्ट आवळला आणि पुढच्या हाताने नळीखालचे लाकूड मुठीत पकडले, त्याने प्रत्येक खेपेस त्या आंदोलनाला निराळा अडथळा केला. आणि मूठ दर वेळी सारखी आवळली जात नसल्यामुळे छर्रा दर वेळी निराळ्या दिशेने गेला. उलट पुढचा तळवा नुसता खाली उघडा धरून त्याच्यावर रायफल विसावू दिली, खांद्याशी ती केवळ टेकविली, आणि तिला तिच्या मर्जीप्रमाणे मागेपुढे होऊ दिले, तर ती प्रत्येक वेळी एकसारखीच हलते व छर्रे एके ठिकाणी जाऊ लागतात. त्याच रायफलीने, त्याच गोदामात, त्याच छऱ्यांनी, केवळ पकड सैल केल्यामुळे तळहाताएवढा पसारा जुन्या रुपयाएवढ्या वर्तुळात आलेला मी पाहिला आहे. आमच्या स्नेह्यांचा सैन्यातला अनुभव मोठा आहे, याविषयी शंका नाही; पण प्रस्तुत प्रकरणी तो अनुभवच त्यांच्या आड आला.

आणखी दोन अन्याय या रायफलीवर नित्य होतात. दुकानात ती दाखविताना छर्रा न घालताच चाप ओढला जातो; पुढे हवेला रोखणारे काहीच नसल्यामुळे दट्ट्या सिलिंडरच्या तोंडावर धाडकन आदळतो, आणि गिऱ्हाइकाच्या घरी येण्यापूर्वीच त्या यंत्राची प्रकृती बिघडू लागते. दुसरा अन्याय दुर्बिणीचा. हौशी मंडळी रायफल घेतल्याबरोबर तिच्यावर स्वस्तातली दुर्बीण चढवितात. मागेपुढे अशा दुहेरी हिसक्यासाठी ती दुर्बीण बनविलेली नसते, तिच्यातली तार ढळते, पकड सरकते, आणि बोल मात्र रायफलीला लागतो. नवशिक्याने मागची खाच आणि पुढची माशी यांवरच समाधान मानावे. दोन्ही कडा सारख्या, माशीचा माथा खाचेच्या माथ्याशी समतल, दृष्टी माशीवर स्थिर आणि लक्ष्य किंचित अंधुक, हे गणित डोळ्याला एकदा उमगले की ते जन्माचे उमगते.

याचा अर्थ या रायफलीत दोषच नाहीत असा नव्हे, आणि वकिली करावयाची म्हणून मी ते झाकणार नाही. चाप खरोखरच जड असतो; तो कोठवर ओढला म्हणजे सुटेल याचा नेमका अंदाज प्रथम येत नाही, आणि त्या ओढाताणीत माशी लक्ष्यावरून ढळते. दस्त्याचे स्क्रू हिसक्यांनी सैल होतात व ते अधूनमधून आवळावे लागतात. ही काळजी न घेतल्यास उत्तम नळीही भलतीकडे मारू लागते. मागची खाच पुष्कळदा हलक्या प्रतीची असते, आणि एक रेघ फिरविली असता दोन रेघांचा फरक पडतो. छर्‍यांची कथा तर वेगळीच आहे. ज्याने रायफलीवर काटकसर केली तो छऱ्यांवरही करतो. डबी उघडावी तर निम्म्या छऱ्यांचे घेर दबलेले, काहींना शिशाची कूस राहिलेली. असा छर्रा नळीत नीट बसत नाही, हवा बाजूने निसटते, आणि नेम चुकतो. स्वस्त रायफलीची बदनामी पुष्कळ अंशी स्वस्त छऱ्यांनी केलेली आहे, हे माझे स्पष्ट मत आहे; रायफल साधी घ्यावी पण छर्रे निवडून घ्यावेत, एवढी अक्कल प्रथम परिचयातच येते.

परंतु हे दोष मान्य करूनही ‘लाखाची घ्या, नाही तर घेऊच नका’ हा निवाडा मला मान्य नाही. लाखोंच्या रायफलीला ती किंमत उगीच पडत नाही, हे खरे. दहा मीटर हवाई रायफलीच्या स्पर्धेत, जी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून त्या महोत्सवात आहे, लक्ष्यावरील दहा गुणांचा मध्यबिंदू अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्रा त्याच्या नऊ पट रुंद असतो, आणि हल्ली गुणांचे दशांशही मोजले जात असल्यामुळे १०.९ हा परिपूर्ण नेम समजला जातो. तेथे दाबलेल्या हवेचे नळकांडे, हिसका न देणारी रचना आणि नखाने स्पर्श करताच सुटणारा चाप यांवाचून भागत नाही. पण ज्याला अद्याप श्वास कोठे रोखावा, चाप कसा ओढावा आणि छर्रा सुटल्यावरही माशीवरची दृष्टी क्षणभर का हलवू नये हे शिकावयाचे आहे, त्याला अर्ध्या मिलिमीटरच्या अचूकतेचा उपयोग काय? त्याच्या हाताचा कंपच त्याहून कित्येक पट मोठा असतो. महाग रायफल त्याच्या पुष्कळ चुका पोटात घालते; स्वस्त रायफल त्या सर्व कागदावर उघड्या करून दाखविते. छर्रा नळीत रेंगाळत असतानाच ज्याने मान उचलली, त्याला ती त्याच क्षणी शिक्षा करते. जी रायफल शिस्तीवाचून एक पाऊल पुढे जाऊ देत नाही तिला शिक्षणाला निरुपयोगी म्हणणे, हे मला तर्काला धरून वाटत नाही.

शिवाय हा निवाडा देणारे गृहस्थ जालन्याचे असावेत, याचे मला विशेष आश्चर्य वाटते. ज्या शहराच्या भट्ट्यांत भंगार वितळवून सळई ओढली जाते आणि त्या सळईवर मराठवाड्यातील घरांचे स्लॅब निर्धास्त उभे राहतात, त्या शहराच्या नागरिकाने तरी स्वस्त पोलाद आणि वाईट पोलाद यांत भेद करावयास हवा. देशी हवाई रायफल ही काही कालची गोष्ट नाही. वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली ज्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीचा पाया घातला, तिनेही एके काळी अशा रायफली बनविल्या, आणि त्यांपैकी काही हौशी लोकांनी आजवर जपून ठेवल्या आहेत. आपल्याकडील शालेय व राज्य पातळीवरील स्पर्धांत उघड्या माशीच्या साध्या रायफलींचा गट निराळा ठेवण्याचा जो प्रघात आहे, त्याच्या मुळाशीही हाच विचार आहे की आरंभ करणाऱ्याला त्याच्या ऐपतीच्या साधनानिशी उभे राहता यावे.

येथे प्रतिपक्षाकडून अभिनव बिंद्रा यांचे नाव हमखास पुढे येते. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग ऑलिंपिकमध्ये याच दहा मीटर हवाई रायफलीच्या स्पर्धेत त्यांनी भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले, त्यांच्या घरची सुबत्ता जगजाहीर आहे, सबब हा श्रीमंतांचा खेळ होय, असा तो युक्तिवाद. शिखरावरील एका माणसाच्या मिळकतीवरून पायथ्याच्या वाटेचे मोजमाप करण्याची ही पद्धत मला विचित्र वाटते. आपल्याच राज्यात अंजली भागवत आहेत: मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात राष्ट्रीय छात्रसेनेच्या वाटेने त्यांचा बंदुकीशी परिचय झाला आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये हवाई रायफलीच्या अंतिम फेरीपर्यंत त्या पोचल्या. स्वप्निल कुसाळे आहेत: कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीसारख्या खेड्यातला हा मुलगा सरकारी क्रीडा प्रबोधिनीतून घडला, रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करीत राहिला, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत त्याने कांस्यपदक घेतले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतील पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, मध्ये बहात्तर वर्षे लोटली. या दोघांच्या पुढच्या रायफली अर्थात भारीच होत्या; परंतु आरंभी त्यांना घरच्या तिजोरीने नव्हे, तर संस्थेने हात दिला. ही संधी कांबळवाडीच्या मुलाला मिळू शकते तर मंठ्याच्या वा जाफराबादच्या मुलाला का मिळू नये, याचे उत्तर ‘लाखाची घ्या’ म्हणणाऱ्यांनी द्यावे.

मुख्याध्यापकांच्या आक्षेपाकडे मी अधिक आदराने वळतो, कारण त्यांच्या भीतीला आधार आहे. सात ज्यूलचा छर्रा खेळण्यातला नव्हे. तो डोळा कायमचा घालवू शकतो, कठीण पृष्ठावर आपटून उलट येऊ शकतो, आणि मोकळ्या रानात शंभर मीटरांच्याही पलीकडे जाऊन कोणाला लागेल याचा नेम नसतो. घरात आणलेली रायफल कुलपात न ठेवणारे आईबाप आहेत, छपरावर बसून होल्यांवर छर्रे सोडणारी पोरे आहेत, हेही खरे. अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१ मध्ये एअर गन शासनाकडे जमा करण्याची जी मोहीम निघाली आणि तिला प्रतिसाद देऊन लोकांनी हजाराहून अधिक बंदुका आणून दिल्या, तिचा दाखला त्यांनी द्यावा हेही योग्यच आहे; ती मोहीम स्तुत्य होती.

पण ह्याच दाखल्याचा मुख्याध्यापकांनी पुरता विचार केलेला नाही. अरुणाचलातील लोकांनी त्या बंदुका स्वखुशीने दिल्या. तेथे जप्तीचा हुकूम निघाला नव्हता. जे काम परवान्याच्या दहशतीने झाले नाही ते समजावणीने झाले, हाच त्या मोहिमेचा धडा आहे, आणि तो बंदीच्या बाजूने नव्हे तर शिक्षणाच्या बाजूने जातो. कायद्याचे म्हणाल तर तो आजही मोकाट नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील २०१६ च्या नियमांनी रेषा आखून दिली आहे: नळीचा व्यास साडेचार मिलिमीटरहून अधिक किंवा ऊर्जा २० ज्यूलहून अधिक असेल तर हवाई शस्त्रालाही परवाना लागतो, त्या मर्यादेच्या आतील रायफलीला लागत नाही. सात ज्यूल त्या रेषेच्या पुष्कळच अलीकडे येतात. वन्यप्राण्यांच्या शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने पायबंद घातलेला आहे. बेदरकारपणे दुसऱ्याच्या जिवाला धोका उत्पन्न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या १२५ व्या कलमाखाली गुन्हा आहे. ज्या कृत्यांची मुख्याध्यापकांना भीती वाटते ती सर्व कृत्ये आजच दंडनीय आहेत. उणीव आहे ती अंमलबजावणीची. अंमलबजावणीची उणीव नव्या परवान्याने भरून निघत नाही. अर्ज, दाखले, पोलीस अहवाल, कचेरीच्या फेऱ्या या साऱ्याला कंटाळून मागे फिरेल तो शाळेत नेम शिकू पाहणारा मुलगा. चोरून शिकार करणारा त्या कचेरीची पायरी कधीच चढणार नाही. सन १८७८ च्या शस्त्र कायद्याचा जाच ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सोसला, त्यांनी परवान्याची मागणी इतक्या सहजपणे करू नये.

उरले बागायतदार स्नेही. ते या रायफलीचे स्तुतिपाठक आहेत, आणि म्हणूनच तिचे सर्वांत मोठे शत्रू आहेत. त्यांच्या नुकसानीविषयी माझ्या मनात पूर्ण सहानुभूती आहे. ज्या मोसंबीने जालन्याला भौगोलिक मानांकन मिळवून दिले, ती झाडावरच कुरतडली गेलेली पाहणे किती क्लेशकारक असते हे या जिल्ह्यात कोणी कोणाला सांगावयास नको. रोह्यांच्या कळपाने एका रात्रीत तुडविलेले हरभऱ्याचे शेत मीही पाहिले आहे. परंतु दोनशे किलोंच्या घरातील रोह्याला सात ज्यूलचा छर्रा मारून काय होणार? तो मरणार नाही, पळून जाईल, कातडीत शिसे घेऊन हिंडेल, आणि दुसऱ्या रात्री परत येईल. पोपटाला मारला तर तो बहुधा जखमी होऊन दूर कोठे तरी पडेल. आणि झाडाच्या शेंड्याकडे रोखलेला छर्रा चुकला तर तो पलीकडच्या बांधावर निंदणी करणाऱ्या बाईच्या दिशेने जाईल, कारण आकाशाला मातीच्या गोण्या लावलेल्या नसतात. हे सारे क्रूर आहे, बेकायदा आहे आणि वर निष्फळही आहे. पिकाच्या नुकसानीबद्दल शासनाकडे भरपाईचा दावा करण्याची रीत आहे, उपद्रवी रोही व रानडुकरांच्या बाबतीत वनखात्याकडे रीतसर अर्ज करण्याचीही सोय आहे. ती संथ आहे, तिच्यासाठी भांडावे, पण तिची जागा छऱ्याच्या बंदुकीने घेऊ नये.

या बागायतदारांनी माझ्यापुढे एकदा डॉ. सलीम अली यांचे नाव टाकले. एवढ्या मोठ्या पक्षिशास्त्रज्ञाच्या चरित्राचा आरंभ लहानपणी एअर गनने पाडलेल्या चिमणीपासून झाला ना, असा त्यांचा सवाल होता. घटना खरी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या मुलाने मुंबईत एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून तो चकित झाला, आणि ती ओळखून घेण्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे गेला. परंतु त्या प्रसंगाचे मोल छऱ्यात नसून त्यानंतरच्या कुतूहलात आहे. चिमणी पाडणारी मुले त्या काळी हिंदुस्थानात असंख्य होती. ती घेऊन विचारायला जाणारा एक निघाला. आज तर तेवढे विचारण्यासाठी पक्षी पाडण्याचीही गरज उरलेली नाही, आणि कायदाही तसे करू देत नाही. थोरांच्या चरित्रातील एक प्रसंग उचलून आपल्या सोयीचा दाखला बनविणे सोपे असते. बागायतदारांनी सलीम अलींची पुढची आयुष्यभराची तपश्चर्या घेतली असती, तर त्यांच्या हातात बंदुकीऐवजी दुर्बीण दिसली असती.

मुख्याध्यापकांच्या मागणीला जे बळ मिळते ते अशा स्तुतिपाठकांमुळेच. ही रायफल पोपटांवर रोखली गेली की बंदीची मागणी होणारच. आणि बंदीची भीती निर्माण झाली की सैनिक स्नेह्यांसारखे लोक ‘खेळणेच तर आहे’ म्हणून तिची टर उडवून मोकळे होणार. तिघेही एकमेकांचे पुरावे पुरवीत आहेत, आणि या तिघांच्या वादात ज्याचे नुकसान होते तो दहा मीटरांवर उभा राहून मन स्थिर करावयास शिकू शकला असता असा या जिल्ह्यातला मुलगा वा मुलगी मात्र बैठकीत हजरच नसते.

म्हणून माझे जिल्ह्यातील शाळांच्या चालकांना, क्रीडा अधिकाऱ्यांना आणि जालन्यातच ठाण मांडून असलेल्या राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक ३ मधील जाणकार नेमबाजांना, एवढेच आवाहन आहे. ज्या शाळेत बारा-पंधरा मीटर लांबीची बंद खोली आहे, एका टोकाला एकच दार आहे आणि दुसऱ्या टोकाची भिंत मातीच्या गोण्यांनी झाकता येते, तेथे हा खेळ आरंभता येतो. रायफली साध्याच घ्याव्यात, छर्रे चांगले घ्यावेत, दुर्बिणी घेऊ नयेत. प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा असावा. नळी मोडून छर्रा बसविताना ती एका हाताने घट्ट धरावी, कारण ती अवचित मिटली तर बोट चेचते. शिक्षकाच्या हुकुमावाचून कोणी चापाला बोट लावू नये. रायफल भरलेली असो वा नसो, तिचे तोंड गोण्यांखेरीज अन्यत्र वळू नये. आणि शिशाला हात लागलेला असल्यामुळे साबणाने हात धुतल्यावाचून कोणी डबा उघडू नये. रायफल व छर्रे निरनिराळ्या कुलपांत राहावेत आणि प्रत्येक छऱ्याची नोंद वहीत व्हावी. एवढा बंदोबस्त ज्या शाळेला जमत नाही तिने या भानगडीत पडू नये, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

आणि माझ्या तिन्ही स्नेह्यांना विनंती अशी की, पुढचे मत देण्यापूर्वी त्यांनी गोदामात यावे, पकड सैल ठेवून, श्वास रोखून, कागदावर दहा छर्रे सोडावेत आणि मग भोके मोजावीत. त्यानंतरही मत कायम राहिले तर ते मी आनंदाने ऐकेन. तोवर माझा निवाडा हा: ही रायफल खेळणे नाही आणि शिकारीचे हत्यारही नाही, ती दहा मीटरांवरच्या कागदासाठी बनविलेले एक साधे शिक्षणसाधन आहे. कागदाखेरीज अन्य कशावर जो ती रोखील त्याच्या हातून ती काढून घ्यावी, आणि जो कागदावरच रोखील त्याच्या हाती ती निःशंकपणे द्यावी.